आलापल्ली कुठे आहे, शामराव?

सांगायची मले काहीच हौस नाई, हे आधी लिहून घ्या. रामटेकेची पोरगी तीन रविवारपासून दारात येऊन बसते. "काका, तुमच्या केंद्रातल्या जुन्या लोकांचं पुस्तक काढून राह्यली मी. तुम्ही नाई लिहिलं तर बाबा म्हणतात, शामरावच्या नावानं मीच लिहितो." आता रामटेके लिहिणार म्हणजे अर्धं खोटं अन् अर्धं स्वतःचं कौतुक! म्हून बसलो. चौथी पास माणूस आहे मी. शुद्धलेखन पाहायचं असन तर दुसऱ्याच्या घरी जा.

आमच्या रेडिओ केंद्रात एक लोखंडी कपाट होतं. त्यात 'पुसायच्या टेपा' ठेवायच्या. दहा वर्षांत कोणी एक टेप पुसली नाई, कपाटाचा दरवाजा मात्र लागेनासा झाला. किस्स्यांचंही तसंच. चहाच्या टायमाले कोणीतरी एक काढते, वाजवते, परत आत कोंबते.

केंद्र होतं चंद्रपूर अन् गडचिरोलीच्या मधात, जंगलाच्या काठाले. नेमकं गाव सांगत नाई. ऐंशीनंतरची वर्षं. टीव्ही एखाद्याच घरात, बाकी सगळा रेडिओ. माणसं चारच ध्यानात ठेवा. रामटेके, डिप्लोमावाला टेक्निशियन. मेश्राम बाई, आवाजावाली, म्हणजे अनाउन्सर. लेले साहेब, पुण्याहून आलेला इंजिनियर. अन् मी, कंट्रोल रूमचा हेल्पर.

*

कंट्रोल रूममधे एक पॅनल होतं, कपाटाच्या दरवाज्याएवढं. त्याले भोकंच भोकं. वरच्या ओळीतून आवाज येणार, खालच्या ओळीतून आवाज जाणार. मधात आपण वायर लावायची, दोन्ही टोकाले पितळी पिना असलेली. वरचा कोणता आवाज खाली कोणत्या जागी धाडायचा, ते वायर ठरवते. बस, एवढंच काम. पण चुकलं की चार तालुक्यांत बोंब!

भोकाखाली इंग्रजी पट्ट्या होत्या, मुंगीच्या पायाएवढं अक्षर. मले मराठीच जेमतेम. पण रेडिओत लागायच्या आधी मी सहा वर्षं एस.टी. स्टँडवर हमाली केली होती. कोणती गाडी कुठून येते, कुठी जाते, सगळं तोंडपाठ. मी घरून ऑइलपेंटचे डबे आणले. एकेका भोकाजवळ एकेक रंगाचा ठिपका दिला अन् ठिपक्याले गावाचं नाव.

पहिला स्टुडिओ म्हणजे वरोरा. कापसाच्या बाजारासारखी दिवसभर गर्दी. टेप मशीन म्हणजे ब्रह्मपुरी. दिल्लीच्या बातम्या जिथून येत, ते भोक नागपूर, तिकडून जे येइन ते आपण गुमान घ्यायचं. बाहेरगावच्या कार्यक्रमासाठी टेलिफोनवाल्यांनी दोन लाइनी देल्या होत्या. पहिली लाइन पाऊस आला की तुटे, म्हून ती भामरागड, तेबी पावसाळ्यात असंच तुटते. दुसरी वर्षातून एखादवेळ कामी पडे, ती आलापल्ली. अन् खालच्या ओळीत ट्रान्समीटर, म्हणजे जिथून आवाज हवेत जाते, ते गडचिरोली. जिल्ह्याचं ठिकाण. काहीही असो, शेवटी तिथीच जावं लागते!

रामटेके पहिल्या दिवशी पोट धरून हसला. आठव्या दिवशी तोच बोंबलून राह्यला, "शामरावभाऊ, ब्रह्मपुरी उतरव! नागपूर गडचिरोलीले सोड, बातम्यांची वेळ झाली!"

*

पुढं पुढं रामटेकेले ही भाषा इतकी भिनली की विचारू नका. एकदा त्याले मामाच्या घरी ब्रह्मपुरीले जायचं होतं. ड्यूटी संपवून तसाच पळत गाडीत चढला. कंडक्टर आला.

"कुठी जायचं, भाऊ?"

"एक टेप मशीन द्या."

कंडक्टरनं त्याच्याकडे पाह्यलं, सीटखाली पाह्यलं, अन् म्हणाला, "थे वर टपावर टाका. सीटवर सामान चालत नाई!"

*

मंग आले लेले साहेब. माणूस वाईट नाई. पण इस्त्री केलेला. बोलणंबी इस्त्री केलेलं. पहिल्याच दिवशी कंट्रोल रूमच्या दारात उभा राह्यला, अन् नेमकं त्याच वेळी रामटेके ओरडला, "वरोऱ्याची गाडी लेट आहे काऊन? बाई अजून खोकलून राह्यली!"

साहेबानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हे रेडिओ केंद्र आहे की एस.टी. डेपो?"

मी म्हणालो, "डेपोत माणसं वेळेवर येतात, साहेब."

एवढंच बोललो. खरंच बोललो. पण त्या दिवसापासून माझ्या मागं लागला. मेमो निघाला. 'तांत्रिक शब्दच वापरावेत. ज्या कर्मचाऱ्यास ते येत नाहीत त्याने पॅनलला हात लावू नये.' माझ्यासाठी तोंडी परीक्षा ठेवली. तीनदा नापास झालो की पॅनल सोडायचं अन् गेटवर स्टूल टाकून बसायचं!

आता तुम्ही म्हणाल, गेट तर गेट, पगार तोच. पण मी हमाल होतो तेव्हा दुसऱ्याचं ओझं गाडीवर चढवत होतो. पॅनलवर मी स्वतः गाड्या सोडत होतो. मी पिन लावली की चार तालुके ऐकत. माझा बाप आयुष्यभर लोकांच्या शेताच्या धुऱ्यावर राबला, तो मरायच्या आधी शेजारच्याले म्हणाला होता, "आमच्या शामच्या हातात रेडिओ आहे." गेटवर बसून मी त्या माणसाले खोटं पाडू काय?

तर परीक्षा.

"शामराव, राउटिंग म्हणजे काय?"

"गाडी कोणत्या रस्त्यानं न्यायची ते, साहेब."

"सोर्स?"

"गाडी जिथून सुटते ते."

"डेस्टिनेशन?"

"जिथी कंडक्टर म्हणते, आता उतरा."

साहेबानं कागदावर काहीतरी लिहिलं, खोडलं. मंग म्हणाला, "उत्तरं चूक नाहीत. भाषा चूक आहे."

"मंग भाषेचे मार्क कापा. उत्तराचे द्या."

देलं शून्य! पहिल्यांदा नापास.

*

त्याच महिन्यात वरून मराठी शब्दांची यादी आली. साहेबानं कंट्रोल रूमच्या भिंतीवर डकवली. पॅनल नाई म्हणायचं, 'जोडफलक' म्हणायचं. वायर नाई, 'संयोजक रज्जू'. राउटिंग नाई, 'संकेतमार्गनिवड'. रामटेके वाचून म्हणाला, "शामरावभाऊ, एवढ्या शब्दात तर गाडी मूल गावाले पोचते."

अन् तसंच झालं! भर दुपारी कार्यक्रम चालू, अन् टेप तुटली. रेडिओ मुका. आमच्या भाषेत काय होतं? 'ब्रह्मपुरी उतरव, वरोरा सोड.' चार शब्द. पण साहेब मागं उभा. रामटेकेनं तोंड उघडलं अन् मिटलं. साहेबच ओरडला, "शामराव! प्रथम ध्वनिमुद्रक यंत्राचा संयोजक रज्जू काढून..." मी यादी पाहून राह्यलो की रज्जू म्हणजे कोणता. साहेब माझ्या अंगावर खेकसून राह्यला. रामटेकेनं शेवटी मले ढकललं अन् स्वतः पिन मारली.

स्टुडिओतून मेश्राम बाई बोलायले लागली. हातात कागद नाई, काही नाई. गोड आवाजात म्हणते, "श्रोतेहो, तांत्रिक कारणामुळे कार्यक्रम थांबला आहे. तोवर सांगते, समोर दोन वानरं आली आहेत. एक भिंतीकडे एकटक बघतंय. दुसरं मोठं आहे, ते त्याच्या अंगावर दात विचकतंय. पहिल्याला काहीच कळत नाहीये..." दोन मिनिटं वानरं! टेप जुडली, कार्यक्रम पुढं सुरू झाला.

आठ दिवसांनी पत्रं यायले लागली. पोंभुर्ण्याच्या शाळेतल्या पोट्ट्यांनी सगळ्यांनी सह्या करून विचारलं, 'त्या दोन वानरांचं पुढे काय झालं?' लेले साहेब खुश! बाईले बोलावून म्हणाला, "छान निभावलंत. पण वानरं कुठे होती हो? मला दिसली नाहीत."

बाई पदर सावरून स्टुडिओत निघून गेली. मीच नंतर हिशेब लावला. स्टुडिओले बाहेरची खिडकीच नव्हती. एक काच होती फक्त, तिच्यातून कंट्रोल रूम दिसे!

*

दुसऱ्या परीक्षेतबी शून्य. त्यानंतर साहेबानं ठरवलं, आपणच पॅनल चालवून दाखवावं. म्हणजे आम्हाले शिकता येइन.

बाह्या वर केल्या. एक पिन इकडं, एक पिन तिकडं. अन् रेडिओतून शिट्टी सुरू झाली. साधी नाई, कान फाडणारी, लांबच लांब. साहेब बटणं फिरवते, शिट्टी वाढते. मी कोपऱ्यात हात मागं बांधून उभा. त्या दिवशी मले पॅनलले हात लावायची मनाई होती ना!

शेवटी साहेबच म्हणाला, "अहो, बघताय काय? सांगा की!"

"साहेब, तुम्ही गडचिरोलीहून सुटलेली गाडी गडचिरोलीलेच लावली. ती आपल्याच मागं धावून राह्यली."

साहेबानं पाह्यलं. खरंच जो आवाज बाहेर जाऊन राह्यला होता, तोच परत आत घेतला होता. पिन काढली. शिट्टी बंद.

तेवढ्यात टेलिफोन. रेल्वे फाटकाचा गेटमन बोलून राह्यला होता, आमचा रोजचा श्रोता. लय रागात. "काय जी, रेडिओवाले! गाडी आली समजून मी फाटक लावलं, दोन्हीकडून वीस-पंचवीस बैलबंड्या अडकल्या, लोक मले शिव्या देऊन राह्यले. गाडी कुठी आहे?"

रामटेकेनं फोनवर हात ठेवून साहेबाले विचारलं, "काय सांगू?"

साहेब म्हणाला, "सांगा... गेली म्हणून."

*

हा एक किस्सा हसायचा नाई. पण कपाटात आहे, म्हून काढतो.

भामरागडकडचे चार-पाच जण गाण्याच्या रेकॉर्डिंगले आले होते. त्यांच्यात एक म्हातारे मडावी बुवा. गाणं झालं, बुवा कंट्रोल रूममधे आले. मले म्हणाले, "माझा आवाज कुठी गेला, दाखव." साहेब जेवायले गेला होता. मी पॅनल दाखवलं. "हे वरोरा, इथी तुम्ही बसले. या वायरीनं निघाले. हे गडचिरोली, इथून हवेत."

बुवानं ठिपक्यांवरून बोट फिरवलं. "अन् हे कोणतं?"

"हे भामरागड."

"मंग माझा आवाज इथी काऊन नाई जात?"

आता काय सांगू? आमच्या केंद्राचा आवाज तिकडं पोचतच नव्हता. बुवानं स्वतःच्या गावचं गाणं गायलं, अन् त्याच्या गावानं ते ऐकायचं नाई! रामटेकेनं गुपचूप एका कॅसेटवर गाणं उतरवलं, अन् मी ती स्टँडवरच्या ओळखीच्या ड्रायव्हरजवळ देली. पण पाऊस लागला, पर्लकोटा नदीले पूर आला, रस्ता बंद. कॅसेट आलापल्लीच्या डेपोत पडून राह्यली. दिवाळीनंतर पोचली.

मंग त्याच ड्रायव्हरजवळ बुवाचा निरोप आला. "आवाज आला. पायी आला असन, थकलेला होता."

*

आता शेवटचं. अन् हेच सांगायले बसलो, बाकी सगळं उगीच.

तिसऱ्या परीक्षेत मी नापास झालो. कारण नागपूरहून मोठे साहेब तपासणीले येणार होते, अन् लेले साहेबाले पॅनल चकाचक पाह्यजे होतं. त्यानं स्वतः ब्लेड घेऊन माझे ठिपके खरवडले. एकूणएक! छापील इंग्रजी पट्ट्या लावल्या. अन् मले मेमो, 'लेखी परवानगीशिवाय गेट सोडू नये.' मी स्टूल घेतलं अन् गेटवर जाऊन बसलो. दोन दिवस डब्यातली भाकर तशीच घरी परत गेली. घरच्या बाईनं विचारलं, "भांडण झालं काय?" म्हणालो, "नाई. बदली झाली. साठ पावलांवर."

तपासणीच्या दिवशी गडचिरोलीहून, म्हणजे खऱ्या गावाहून, कबड्डीची फायनल थेट द्यायची होती. दोन जिल्ह्यांचा सामना, सगळीकडं लोक रेडिओले चिकटलेले. रामटेके तिकडं मैदानावर. इकडं पॅनलवर लेले साहेब एकटा, त्याच्या मागं खुर्चीवर मोठे साहेब, स्टुडिओत मेश्राम बाई.

शेवटची पाच मिनिटं उरली होती, दोन्हीकडं सारखे गुण. मैदान कोरडं होतं, पण आमच्याकडं पाऊस कोसळायले लागला. अन् जी लाइन पावसात तुटते, ती तुटली!

रामटेकेनं मैदानाजवळच्या ऑफिसातून फोन लावला. घाबरला की माणसाच्या तोंडून त्याची खरी भाषा निघते. तो बोंबलला, "साहेब, भामरागड बुडलं! आलापल्लीवरून घ्या! आलापल्लीवरून!" अन् फोनबी कटला.

साहेब पॅनलपुढं. अठ्ठेचाळीस भोकं. छापील पट्ट्या सगळ्या बरोबर, पण दुसऱ्या लाइनीची पट्टी कोणाजवळच नव्हती. ती लाइन ज्यानं कधी वापरली तो फक्त मी, अन् तिचा ठिपका साहेबाच्या ब्लेडखाली गेला होता.

मी गेटवर छत्री धरून बसलो होतो. पाहतो तर लेले साहेब पावसात पळत येऊन राह्यला. इस्त्री गेली, चष्म्यावर पाणी. गेटले धरून ओरडला,

"शामराव! आलापल्ली कुठे आहे?"

दोन वर्षं ज्या शब्दासाठी त्यानं मले शून्य देलं, तो शब्द त्याच्या तोंडात! मी उठलो नाई.

"अहेरीच्या अलीकडं, साहेब. पण आता गाडी नाई. साडेअकराची गेली."

"शामराव, हात जोडतो. चला."

"कसा येऊ? लेखी परवानगीशिवाय गेट सोडू नये, असा तुमचा मेमो आहे."

साहेबानं खिशातून पेन काढला. कागद नाई. सिगरेटच्या पाकिटावर भराभर लिहिलं, सही केली, माझ्या हातात देलं. मी पाह्यलं, उलटं केलं, सुलटं केलं.

"इंग्रजीत लिहिलं, साहेब. मले वाचता येत नाई."

त्यानं मले जे पाह्यलं ना! पण पाकीट फाडलं, आतल्या बाजूनं मराठीत लिहिलं. 'शामराव यांनी ताबडतोब आत यावे.' पावसात शाई उतरून राह्यली होती, तरी मी पूर्ण वाचलं. चौथी पास माणसाले वेळ लागते. मंग उठलो.

कंट्रोल रूममधे गेलो. पट्टी पाहायची गरजच काय? फलाट बदलला तरी गाडी मले माहीत. वरच्या ओळीत उजवीकडून तिसरं. आलापल्लीतून उचललं, गडचिरोलीले सोडलं, अन् रेडिओतून एकदम हजार माणसाचा आवाज उसळला! रामटेके माइक धरून राह्यला होता, समालोचक ओरडून राह्यला होता, शेवटची चढाई चालू होती. लेले साहेब भिंतीले टेकून खाली बसला.

मोठे साहेब खुर्चीवरून उठले. माझ्याजवळ आले. मले वाटलं आता शाबासकी. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला अन् विचारलं, "क्यों भाई, नींद पूरी हो गई?"

मले काहीच कळलं नाई.

दुसऱ्या दिवशी मेमो मागं घेतला, मी परत पॅनलवर. साहेबानं रात्रीतून नवीन पट्ट्या करून लावल्या होत्या. वरोरा, ब्रह्मपुरी, नागपूर, भामरागड, आलापल्ली. सगळी माझीच नावं. अन् सगळी इंग्रजीत! मी परत ऑइलपेंट आणला.

लेले साहेबाची बदली झाली तेव्हा एस.टी.च्या पायरीवर उभा राहून सगळ्यांसमोर म्हणाला, "शामराव, चुकलो." मी त्याची ट्रंक टपावर चढवून देली. त्याचं-माझं संपलं.

पण त्या तपासणीच्या संध्याकाळी घरी गेलो, तर घरची बाई चहा देईना. दाराकडं तोंड करून म्हणाली, "रात्री घरी झोपू देत नाई काय मी तुमाले?" शनिवारी बाजारात गेलो तर भाजीवाली म्हणते, "उठले काय, शामरावभाऊ?" वरोऱ्याहून सासऱ्यानं पोस्टकार्ड टाकलं, 'जावईबापू, नोकरीत असं बरं नव्हे.' तालुकाच्या तालुका विचारून राह्यला, झोप झाली काय!

मंग रामटेकेनं ती टेप काढून ऐकवली. साहेब वरोऱ्याची पिन लावून माझ्याकडं पळाला, तेव्हा सामना मुका पडला होता, अन् मेश्राम बाईनं आपल्या गोड आवाजात चार तालुक्यांले सांगितलं होतं, "श्रोतेहो, सामना लवकरच पुन्हा सुरू होईल. आमचे शामराव गेटवर गाढ झोपले आहेत. साहेब स्वतः त्यांना उठवायला गेले आहेत. बहुतेक कूस बदलली असावी, थोडा धीर धरा..."

ती टेपबी 'पुसायच्या' कपाटात ठेवली. अर्थात पुसली नाई.

मी झोपलो नव्हतो. मी छत्री धरून, डोळे उघडे ठेवून, ताठ बसलो होतो. अन् स्टुडिओच्या त्या काचेतून गेट दिसत नाई. आता केस पांढरे झाले तिचे, नातवंडं झाली, तरी कुठी भेटली की लांबूनच म्हणते, "काय भाऊ, जागे आहात ना?"

रामटेकेच्या पोरी, हे जसंच्या तसं छाप. अन् पहिलं पुस्तक तिच्या घरी नेऊन दे. माफी यायची बाकी आहे ती तिची. मेश्राम बाईची.